शाईंत उरलेलें रोम

या सदरांतून आपण बहुधा रंगीत चित्रांचाच परिचय करून घेत आलों. आज ज्या चित्रांविषयीं लिहावयाचें आहे त्यांत रंग असा जवळजवळ नाहींच. कागद, पक्ष्याच्या पिसाची लेखणी, शाई, आणि तीच शाई पाण्यानें पातळ करून कुंचल्यानें दिलेले फिकट हात, एवढ्यावर सारें काम भागतें. युरोपांतील चित्रकार या पातळ शाईच्या हातास ‘वॉश’ म्हणतात. आपण त्यास लेप म्हणूं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपच्या निरनिराळ्या देशांतून चित्रकार रोमला येत, आणि तेथील पडकीं देवळें, कमानी, स्नानगृहें व प्रेक्षागारें या पद्धतीनें वहींत उतरून घेत. हीं चित्रें सुंदर आहेत हें सर्वच सांगतात. परंतु त्यांचें मोल सौंदर्यापुरतेंच नाहीं, असें आम्हांस वाटतें. या चित्रकारांनीं जें रोम पाहिलें त्यांतील पुष्कळसें आज पाहावयास उरलेलें नाहीं; आणि तें सगळेंच कांहीं काळानें नेलें नाहीं, बरेंचसें माणसांनीं जाणूनबुजून नेलें.

सेप्टिझोडियम या इमारतीचेंच उदाहरण घेऊं. इ. स. २०३ मध्यें सम्राट् सेप्टिमियस सेव्हेरस यानें पॅलेटाइन टेकडीच्या आग्नेय कोपऱ्यास, दक्षिणेकडून अॅपियन मार्गानें शहरांत येणाऱ्यांच्या समोर, ती उभारली. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर खांबांची रांग, मध्यें पाण्याचीं कारंजीं. आणि या सगळ्याच्या पाठीमागें कांहींच नाहीं! राहावयास खोली नाहीं कीं पूजावयास देव नाहीं. नुसता दर्शनी भाग. सेव्हेरस हा आफ्रिकेंतील लेप्टिस मॅग्ना या नगराचा. आफ्रिकेहून येणाऱ्यांच्या दृष्टीस प्रथम आपली ही कृति पडावी असा त्याचा हेतु होता, असें त्याच्या एका प्राचीन चरित्रांत म्हटलें आहे. परगांवीं नशीब काढलेल्या मनुष्यानें गांवाकडच्या पाहुण्यांसाठीं वाड्याचा दिंडी-दरवाजा दुप्पट उंच करावा, त्यांतलाच हा प्रकार.

पुढील हजार-बाराशें वर्षांत इमारत ढांसळत गेली व तिचा पूर्वेकडील एक कोपरा तेवढा तिन्ही मजल्यांसह उभा राहिला. मध्ययुगांत त्याचा उपयोग गढीसारखा होई. १२४१ सालीं नव्या पोपची निवड लवकर उरकावी म्हणून रोमच्या कारभाऱ्यानें कार्डिनल मंडळीस येथेंच कोंडून ठेवलें होतें. त्या हालअपेष्टांत एक कार्डिनल वारला, आणि अखेर निवडून आलेला चौथा सेलेस्टाइन हा पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच मरण पावला. एवढ्या सगळ्यांतून टिकलेला हा कोपरा मोडला तो भूकंपानें नव्हे, कीं शत्रूनेंही नव्हे. १५८८-८९ च्या हिंवाळ्यांत पांचवा सिक्स्टस या पोपच्या आज्ञेवरून डोमेनिको फोंताना नांवाच्या वास्तुकारानें तो पद्धतशीरपणें उतरविला. दगडांचा हिशेब राहिला आहे: ३३ दगड पोपोलो चौकांतील ओबेलिस्कच्या पायांत गेले, १०४ मार्कस ऑरेलियसच्या स्तंभाच्या दुरुस्तीस लागले, कांहीं पोपच्या स्वतःच्या समाधीकडे गेले. कारकुनी इतकी चोख, परंतु इमारत मोडण्यापूर्वी तिचें एक चित्र काढून ठेवावें असें त्या हिशेबांत कोठें दिसत नाहीं.

तें काम एका शेतकऱ्याच्या मुलानें पन्नास वर्षें आधींच करून ठेविलें होतें. त्याचें नांव मार्टेन व्हान हेम्सकर्क. १४९८ मध्यें हॉलंडांतील हेम्सकर्क या खेड्यांत तो जन्मला. त्याच्याविषयीं कारेल व्हान मान्डर यानें १६०४ च्या ग्रंथांत एक गोष्ट दिली आहे. बापानें मुलाचें चित्रकलेचें शिक्षण सोडवून त्यास गाईंच्या धारा काढावयास लाविलें. एके दिवशीं दुधाचें भांडें डोक्यावर घेऊन येतांना तें झाडाच्या फांदीस लागलें व दूध सांडलें. बाप संतापला, मुलगा गंजींत लपला आणि दुसऱ्या दिवशीं घर सोडून निघाला. गोष्टींत तिखटमीठ किती तें व्हान मान्डरच जाणे. एवढें मात्र खरें कीं १५३२ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, चित्रकार म्हणून हार्लेममध्यें चांगलें नांव मिळालें असतांही तो रोमला गेला आणि चार-पांच वर्षें तेथें राहिला. जेमतेम वीतभर लांबीच्या वहींत तो रोज कांहीं ना कांहीं टिपून घेई. सेप्टिझोडियमचा तो तीन मजली कोपराही त्यानें टिपला.

या चित्रांत लेपाचें काम काय तें येथें समजून घेतलें पाहिजे. रेषा आपणांस खांब कोठें उभा आहे, त्याचें शीर्ष कसें आहे, कमान कोठें तुटली आहे हें सांगते. परंतु खांब भिंतीपासून किती पुढें आहे, कमानीच्या आंत पोकळी किती खोल आहे, हें एकट्या रेषेस सांगतां येत नाहीं. तें सांवली सांगते, आणि सांवली म्हणजेच लेप. भिंतीस चिकटलेल्या खांबाची सांवली अरुंद व गडद पडेल. सुट्या उभ्या खांबाची दूर पडेल व कडेस विरेल. चित्रकारानें ती जशी पाहिली तशी दिली असेल तर चारशें वर्षांनंतर त्या इमारतीची खोलीही आपणांस अजमावतां येते. उन्हाची दिशा एकच धरावी लागत असल्यामुळें त्याच्या हातीं फार तर तास-दीड तास असतो. चूक खोडतां येत नाहीं. आणि पांढरा रंग म्हणून वेगळा नसतोच. कोरा कागद हेंच ऊन. रांगोळी घालतांना पांढरें आपण घालतों. येथें पांढरें राखावें लागतें. लेपाचें एक बोट चुकून वर गेलें कीं ऊन कायमचें गेलें.

पुढें १८८६ मध्यें ख्रिस्तियान ह्युल्सेन या जर्मन पंडितानें सेप्टिझोडियमचें मूळ स्वरूप उभें करण्याचा प्रयत्न केला, तेव्हां त्याच्यापुढें अशींच जुनीं चित्रें होतीं, आणि सेव्हेरसच्याच काळीं संगमरवरावर कोरलेल्या रोमच्या नकाशाचे तुकडे होते. नकाशानें पाया दिला, चित्रांनीं उंची दिली. प्रत्यक्ष जागेवर आज पायाच्या अवशेषांखेरीज कांहीं नाहीं.

शाईविषयींही थोडें सांगितलें पाहिजे, कारण या चित्रांचा तो सोनेरी-तपकिरी रंग पाहून रसिक लोक त्यांत जुन्या वैभवाची उदासी पाहतात. ती उदासी कांहीं अंशीं रसायनशास्त्राची आहे! त्या काळीं युरोपांत लिहिण्याची नेहमींची शाई मायफळ आणि हिराकस यांपासून करीत. ती ताजी असतां काळसर असते. वर्षें गेलीं कीं तपकिरी होते आणि जेथें दाट बसली असेल तेथें कागदही खाते. आपल्या घरांतील जुन्या पोथ्या काढून पाहाव्या. त्यांची शाई बहुधा काजळ व डिंक यांची; ती दोनशें वर्षांनींही काळीच राहते, मात्र पाणी लागलें तर पसरते. लेपासाठीं युरोपीय चित्रकार लांकडाच्या धुराची काजळी उकळून केलेला ‘बिस्टर’ नांवाचा तपकिरी रंग वापरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘सेपिया’ प्रचारांत आला. तो कोंकणांत ज्यास माकूल म्हणतात त्या जातीच्या समुद्रजीवाच्या पिशवींतून निघतो. म्हणजे कित्येक चित्रें मुळांतच तपकिरी होतीं, आणि कित्येक काळीं होतीं तीं तपकिरी झालीं.

हेम्सकर्कच्या वहींतील आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणारीं पानें प्राचीन अवशेषांचीं नाहींतच. तीं सेंट पीटरच्या देवालयाचीं आहेत. सम्राट् कॉन्स्टन्टाइनच्या काळचें जुनें देवालय पाडून नवें बांधण्यास १५०६ मध्यें आरंभ झाला. ब्रामांते १५१४ मध्यें वारला, राफाएल १५२० मध्यें गेला, १५२७ मध्यें बादशाही फौजेनें रोम लुटलें, आणि काम रखडलें. हेम्सकर्क आला तेव्हां नव्या इमारतीचे प्रचंड खांब व कमानी छप्पराविना उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशीं जुन्या देवालयाचा अर्धवट पाडलेला भाग होता. चित्र पाहतांना पाडलेलें कोणतें आणि बांधावयाचें राहिलेलें कोणतें हें ओळखूं येत नाहीं. दोहोंसही त्यानें एकच रेषा, एकच लेप दिला आहे. मायकेल अँजेलोनें काम हातीं घेतलें तें पुढें दहा वर्षांनीं, आणि घुमट पुरा झाला १५९० मध्यें. अर्धवट नव्या इमारतीचें असें भग्नावशेषासारखें दर्शन आपणांस दुसऱ्या कोणत्याही साधनानें घडलें नसतें.

शंभर वर्षांनंतरच्या रोमकडे वळूं. ज्या फोरमवर एके काळीं सिसेरोचीं भाषणें झालीं, तेथें आतां गुरांचा बाजार भरे, आणि लोक त्या जागेस ‘काम्पो व्हाच्चिनो’, म्हणजे गाईंचें मैदान, म्हणत. शतकानुशतकें सांचलेल्या मातीनें सेव्हेरसच्या कमानीचा खालचा मोठा भाग गाडला गेला होता. व्हेस्पाशियनच्या देवळाच्या तीन खांबांचा वरचा भागच जमिनीवर दिसे. सतराव्या शतकाच्या आरंभीं जन्मलेला क्लोद लोरँ हा या दृश्याचा मोठा चित्रकार. लोरेन प्रांतांतला हा पोरका मुलगा प्रथम मिठाईवाल्याच्या हाताखालीं उमेदवारी करी, असें त्याचा मित्र सांड्रार्ट सांगतो. आणि उन्हाच्या छटा नीट पाहाव्या म्हणून तो पहांटेच्या आधींपासून रात्रीपर्यंत रानांत पडून राही असेंही सांगतो. १६३५ च्या सुमारास त्यानें एक वही सुरू केली. आपल्या नांवावर लोक खोटीं चित्रें विकूं लागले म्हणून तो आपल्या प्रत्येक तैलचित्राची शाई-लेपांतील नोंद तींत ठेवूं लागला. कांहीं पानें पांढरीं, कांहीं निळीं; निळ्या पानांवर तपकिरी लेप सांजवेळेसारखा दिसतो. सुमारें दोनशें चित्रांची ही ‘सत्याची वही’ १९५७ पासून ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. नांव सत्याची वही, परंतु तींतील रोमचे अवशेष पुष्कळदां मूळ जागेवरून उचलून एखाद्या कल्पित नदीकांठीं मांडलेले असतात. सत्य तें चित्राच्या मालकीचें; स्थळाचें नव्हे.

कलोसियमची गोष्ट आणखी निराळी. इ. स. ८० मध्यें तें खुलें झालें, १३४९ च्या भूकंपांत त्याची दक्षिणेकडील बाजू कोसळली, आणि पुढें कित्येक पिढ्या तें दगडांची खाण म्हणूनच वापरण्यांत आलें. जुन्या चित्रांत त्याच्या प्रत्येक फटींतून झुडपें उगवलेलीं दिसतात. हा चित्रकारांचा अलंकार असावा असें आपणांस वाटेल. परंतु तसें नाहीं. डोमेनिको पानारोली यानें १६४३ मध्यें तेथील ३३७ वनस्पतींची यादी केली, आणि रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्यानें १८५५ मध्यें कलोसियमच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक लिहून ४२० जातींचें वर्णन दिलें. एका इमारतींत ४२० जाती! १८७० मध्यें रोम इटलीच्या नव्या राज्यांत आलें, आणि लवकरच पिएत्रो रोझा या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं सारी इमारत खरडून स्वच्छ करण्यांत आली. मुळें दगड फोडतात हें खरेंच आहे, आणि फोरमवरील माती उपसली नसती तर रोमच्या इतिहासाचीं कितीतरी पानें आजही जमिनीखालींच असतीं. उत्खननास नांवें ठेवणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु एक रोम उघडें करतांना दुसरें एक रोम आपण पुसलें, हेंही नाकारतां येणार नाहीं. गाईंचें मैदान हेंही फोरमचेंच वय होतें, आणि तें एक-दोन वर्षांचें नव्हे, कित्येक शतकांचें होतें. त्याचा पुरावा आतां तपकिरी लेपांत आहे.

ज्यांना हीं चित्रें पाहण्याची गोडी लागेल त्यांच्यासाठीं काळ ओळखण्याच्या एक-दोन खुणा सांगतों. घरांतील मुलांना हा खेळ फार आवडेल. कलोसियमच्या बाहेरच्या भिंतीच्या पूर्वेकडील तुटक्या टोकास विटांचा प्रचंड धिरा आज दिसतो; तो राफाएले स्टेर्न यानें १८०७ च्या सुमारास बांधला. त्या बाजूच्या चित्रांत धिरा नसेल तर चित्र बहुधा त्यापूर्वीचें. गाईंच्या मैदानांत गुरांस पाणी पाजण्याची ग्रॅनाइटची वाटोळी कुंडी दिसली तर चित्र १५९३ नंतरचें. ही कुंडी १८१८ मध्यें तेथून उचलून क्विरिनाल राजवाड्यासमोर नेण्यांत आली. सेव्हेरसची कमान आणि टायटसची कमान यांमध्यें झाडांची सरळ रांग असेल तर १६५६ नंतरचें, कारण तीं झाडें सातव्या अलेक्झांडर पोपनें त्या सालीं लावविलीं. आणि फोकासचा एकाकी खांब पायऱ्यांसह उघडा दिसला तर १८१३ च्या खणतीनंतरचें.

अर्थात् सगळेच साक्षीदार सारखे विश्वासू नसतात. पिरानेसी हा १७२० मध्यें व्हेनिसजवळ जन्मला व १७४० मध्यें रोमला आला. त्याची कीर्ति तांब्याच्या पत्र्यावर काढून छापलेल्या चित्रांची आहे, परंतु त्यांच्यामागें शाई-लेपाचे आवेशानें भरलेले आराखडे होते. रोमच्या देखाव्यांची १३५ चित्रें त्यानें छापलीं, आणि १७५६ मध्यें रोमच्या प्राचीन अवशेषांवर चार खंड काढले, त्यांत पाये, भिंती, दगड बसविण्याच्या युक्त्या बारकाईनें मोजून दिल्या. म्हणजे मोजावें कसें हें त्यास पक्कें ठाऊक होतें. तरीही देखावा काढतांना तो माणसें इतकीं चिमुकलीं करी, आणि लेप इतका काळा घाली, कीं प्रत्येक भिंत डोंगराएवढी व्हावी. गटे रोमला गेला तेव्हां काराकालाचीं स्नानगृहें पाहून त्याची थोडी निराशा झाली, कारण पिरानेसीच्या चित्रांनीं त्याची अपेक्षा आधींच वाढवून ठेविली होती! गटे स्वतःही शाई-लेपांत रेखाटनें करी. सेस्टियसच्या पिरॅमिडजवळ परदेशी प्रॉटेस्टंट लोकांस पुरीत. तेथें आपलें थडगें कसें दिसेल याचें चित्र त्यानें १७८८ मध्यें काढलें होतें. बेचाळीस वर्षांनंतर त्या जागीं पुरला गेला तो त्याचा मुलगा ऑगस्ट. फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर हा तर अकरा वर्षें रोममध्यें राहून भग्नावशेषांत इतका रमला कीं १७९६ मध्यें त्यानें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचें दालनच छप्पर कोसळलेल्या स्थितींत रंगविलें. तें मौजेचें आहे, पण साक्ष नव्हे.

हेम्सकर्क आम्हांस या सर्वांहून जवळचा वाटतो तो याचमुळें. त्याची रेषा कांहींशी रुक्ष आहे. क्लोदच्या लेपांतली हवा त्याच्याजवळ नाहीं. परंतु खांब तीन असतील तर तो तीनच काढतो. घरीं परतल्यावर पुढें सारा जन्म त्यानें या वहीच्या भांडवलावर काढला. १५५३ सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, त्यानें स्वतःचें चित्र काढलें तें कलोसियमसमोर, आणि मागें एक लहानसा चित्रकार बसून रेखाटन करतांना दाखविला. हें चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्यूझियममध्यें आहे.

मोजून रेषा काढावी व मग धूसर लेपानें खोली द्यावी, ही रोमच्या अवशेषांवर पिढ्यान् पिढ्या घोटलेली रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यासही पोंचली. सवाई माधवरावांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील असलेला चार्लस मॅलेट यास लेण्यांची आवड होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्यें मुंबईस व पुढें पुण्यास आला, आणि शनिवारवाड्यांत चित्रकलेची शाळा निघाली. तेथें तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट यानें वेरूळ, कार्ले वगैरे ठिकाणचीं लेणीं शाई-लेपांत उतरविलीं. वेल्स १७९५ मध्यें वारला, आणि वेरूळचीं त्याचीं चित्रें टॉमस डॅनियल यानें १८०३ मध्यें लंडनला प्रसिद्ध केलीं. लेण्यांतील अंधार हा लेपाचा जणूं हक्काचा विषय. रोममध्यें ऊन राखावें लागे, येथें दारांतून येणारी एक तिरीप राखली कीं पुरे. गंगारामचीं कित्येक चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत.

मूळ चित्रें पाहण्याचा योग क्वचितच येतो. उजेडानें कागद पिवळा पडतो व शाई फिकट होते, म्हणून तीं पेट्यांत अंधारांत ठेवतात, व कांहीं महिने मांडलीं कीं पुन्हां आंत जातात. हेम्सकर्कच्या मृत्यूस ४५० वर्षें झालीं तेव्हां, २०२४ मध्यें, बर्लिनच्या कुप्फरश्टिशकाबिनेट या संग्रहानें आपल्या जवळील त्याचीं रोमचीं पानें प्रदर्शनांत मांडलीं होतीं. ब्रिटिश म्यूझियम, बर्लिन व येल या तिन्ही संग्रहांतील बरींच चित्रें आतां घरबसल्या संगणकावर मोठीं करून पाहतां येतात. सेप्टिझोडियम शोधतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं कित्येक जुन्या पुस्तकांत व याद्यांत तें ‘सेप्टिझोनियम’ या नांवाखालीं सांपडतें.